रेडिएशनच्या आधीची फाइल: प्रोस्टेटचा कॅन्सर परतल्यावर कोणत्या तपासण्या, कोणत्या क्रमाने

प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन बराच काळ लोटलेला असतो, पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं, रक्तचाचणीत मोजलं जाणारं प्रथिन) पुन्हा डोकं वर काढतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, असतील नसतील तेवढे स्कॅन याच आठवड्यात उरकून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, आकडा एवढासा तर आहे, पुढच्या वेळी बघू. आमच्याकडे मुलगा पहिल्या पक्षात होता, मी दुसऱ्याकडे झुकलेला, आणि बायको दोघांवरही वैतागलेली.

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. तिथे कुणाकडून कागद मागवायचा तर आधी स्वतःला विचारायचं, या कागदात काय निघालं तर माझा शेरा बदलेल? काहीही निघालं तरी बदलणार नसेल, तर तो मागवून आपला आणि समोरच्याचा वेळ खाऊ नये. रेडिएशनच्या आधीच्या तपासण्यांना मी हीच चाळणी लावली. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाबतीत काय करायचं ते तुम्ही आणि तुमचे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट ठरवाल. पण त्यांच्यासमोर बसताना हातात काय असावं आणि काय विचारावं, एवढं मला सांगता येईल.

आधी आकडा पक्का करा

ग्रंथी काढल्यावर रक्तातला उरलेला पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्मा होत जातो. म्हणून ऑपरेशननंतर ६ ते ८ आठवड्यांत तो मोजता येणार नाही इतका खाली गेलेला असावा. तो तसा कधी गेलाच नसेल, तर रोग परतला असं न म्हणता शिल्लक राहिला असं धरतात, आणि डॉक्टर तिथे जास्त घाई करतात. खाली जाऊन पुन्हा वर आला, ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्यापुढे गेला आणि दुसऱ्या चाचणीनेही तेच सांगितलं, की रोग रक्तात परतला असं मानण्याची पद्धत आहे. 'रक्तात परतला' म्हणजे रक्ताचा कॅन्सर नव्हे. रोगाची खूण रक्तात दिसते आहे, स्कॅनवर अजून काही दिसलेलं नाही, एवढाच अर्थ.

दुसरी चाचणी त्याच प्रयोगशाळेत करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि या पातळीवर थोडासा फरकही आपली झोप उडवायला पुरतो. अतिसूक्ष्म चाचणीत ०.०१ चे ०.०२ झाले म्हणून 'दुप्पट झाला' असं समजू नका, तिथे यंत्राचाच थोडा थरथराट असतो. आणखी एक गोष्ट फारसं कुणी विचारत नाही. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं, आणि ते मोठ्या मात्रेत घेतलं तर काही यंत्रांवर पीएसए खोटा कमी येऊ शकतो. बायोटिनमुळे रक्तचाचण्या चुकतात असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच दिला होता. अशा गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा.

आता दुपटीचा काळ, म्हणजे पीएसए दुप्पट व्हायला लागणारा वेळ, काढा. पीएसए किती आहे यापेक्षा तो कोणत्या वेगाने चढतो आहे, यावर पुढचं बरंच काही ठरतं. यासाठी निदान तीन आकडे हवेत, प्रत्येकात किमान महिन्याचं अंतर हवं. माझे आकडे होते ०.०८, मग ०.१३, मग ०.२१, पाच-पाच महिन्यांच्या अंतराने. शेवटचा भागिले पहिला म्हणजे २.६२५. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.९६५. मधले १० महिने गुणिले ०.६९३, भागिले ०.९६५. उत्तर सात महिन्यांच्या किंचित वर. एवढी आकडेमोड नको वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर केंद्राच्या संकेतस्थळावर तारखा आणि आकडे भरले की उत्तर मिळतं. ते छापून फाइलला लावा.

युरोपातल्या युरॉलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूत्रांत दुपटीचा काळ वर्षभर किंवा त्याहून कमी, किंवा ग्लीसन बेरीज (सूक्ष्मदर्शकाखाली रोग किती आक्रमक दिसतो याचा आकडा) ८ ते १०, यांपैकी काहीही असलं तर जास्त जोखीम धरतात. म्हणजे सात महिने हा आकडा मला आवडणारा नव्हता. पण त्यामुळे थांबायचं की नाही हा वाद घरात तिथल्या तिथे मिटला.

वरची मर्यादाही ध्यानात ठेवा. ऑपरेशननंतर पीएसए परतला तर रेडिएशन तो ०.५ च्या खाली असतानाच देणं चांगलं, आणि जोखीम जास्त असेल तर त्याहूनही आधी, असं आता सर्वसाधारण मत आहे. रॅडिकल्स, रेव्ह्ज आणि गेटुग-१७ या तीन चाचण्यांचे (म्हणजे रुग्णांवरच्या अभ्यासांचे) निष्कर्ष २०२० मध्ये आले. ऑपरेशननंतर सरसकट सगळ्यांना लगेच रेडिएशन देण्यापेक्षा, लक्ष ठेवून पीएसए चढू लागताच दिलं तर नुकसान होत नाही, असं त्यांत दिसलं. त्यातली अट विसरू नका: चढू लागताच. तेव्हा ०.२ आणि ०.५ यांच्या मधल्या पट्ट्यात आपल्याला सगळ्या तपासण्या बसवायच्या आहेत. त्याला काही आठवडे लागले तर चालतं. अपॉइंटमेंटच्या नादात अर्धं वर्ष गेलं तर चालत नाही.

पहिला उपचार रेडिएशनचाच झाला असेल तर

मग वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. ग्रंथी जागेवरच असते, त्यामुळे पीएसए शून्याला जात नाही. तो जिथवर खाली गेला होता त्या तळापेक्षा २ ने वर आला, की रोग परतला असं धरतात. आणि पहिल्या दोनेक वर्षांत तो मध्येच थोडा उसळून आपोआप खाली बसू शकतो, त्यावरून घाबरायचं नसतं. मुख्य फरक असा, की तुमच्याकडे ग्रंथीवर पुन्हा रेडिएशन किंवा दुसरा कुठला स्थानिक उपचार करायचा झाला तर आधी एमआरआय, पीएसएमए पेट (हा स्कॅन काय ते पुढे येतं) आणि नेमक्या जागेची बायोप्सी लागते. आधीच भाजलेल्या पेशी स्कॅनवर फसवतात, म्हणून तुकडा तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. ऑपरेशन झालेल्यांना बहुतेक वेळा ही बायोप्सी लागत नाही. इथून पुढे मी ऑपरेशन झालेल्यांबद्दलच लिहितो आहे.

जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट

सगळ्यांत उपयोगी तपासणी बहुधा होऊन गेलेली असते, आणि कपाटात पडून असते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या ग्रंथीचा अख्खा पॅथॉलॉजी रिपोर्ट शोधा. डिस्चार्ज कार्डावरची दोन ओळींची नोंद पुरत नाही. त्यात चार गोष्टी बघायच्या. ग्लीसन बेरीज किंवा एक ते पाच मधला ग्रेड गट. कापलेल्या कडेला कॅन्सर होता का, म्हणजे मार्जिन पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. रोग ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेला होता का, किंवा वीर्यकोशात शिरला होता का. आणि लिम्फ नोड किती काढले, त्यांतल्या किती नोडमध्ये रोग होता.

मार्जिन पॉझिटिव्ह वाचून लोक खचतात. गंमत अशी की पीएसए परतल्यावर हाच शेरा थोडा दिलासा देतो. कडेला काही राहिलं असेल तर ते तिथेच, ग्रंथीच्या जागेतच वाढत असण्याची शक्यता जास्त, आणि तिथेच तर रेडिएशन द्यायचं असतं. मार्जिन स्वच्छ, ग्लीसन वरचा आणि पीएसए वेगाने चढणारा, असं असेल तर रोग दुसरीकडे कुठे आहे का याचा शोध जास्त कसून घ्यावा लागतो.

काढलेल्या ग्रंथीचे मेणातले ब्लॉक प्रयोगशाळेत जपलेले असतात. ते आहेत का आणि कुणाकडे आहेत, हे आत्ताच फोन करून विचारा. पॅथॉलॉजिस्टला स्लाइड पुन्हा दाखवायच्या असतील तरी तेच लागतात. डेसिफरसारखी २२ जनुकं तपासणारी चाचणी करायची असेल तरी तेच लागतात, वेगळी सुई टोचावी लागत नाही. ही चाचणी सगळ्यांना हवी असं नाही. रेडिएशनबरोबर हार्मोनचं औषध (म्हणजे टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन दाबणारं) द्यावं की नाही यावर डॉक्टर खरोखर दोन मनांत असतील, तरच तिच्या उत्तराने काही बदलतं. माझा दुपटीचा काळ आणि ग्रेड बघून हार्मोन द्यायचंच असं ठरलं होतं, म्हणून आम्ही ती केली नाही.

पीएसएमए पेट

आता मुख्य तपासणी. पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. कॅन्सरच्या पेशींवर ते सहसा भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटणारा किंचित किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात आणि तो कुठे कुठे साठला ते स्कॅनवर बघतात. बुकिंग करताना नुसतं 'पेट स्कॅन' म्हणू नका, 'पीएसएमए पेट' असं स्पष्ट सांगा. कॅन्सरसाठी सर्रास होणारा पेट हा एफडीजी नावाच्या साखरेवर चालतो आणि प्रोस्टेटच्या सुरुवातीच्या परतीत तो फारसा कामाचा नाही. त्याला उपाशी राहावं लागतं, पीएसएमएला साधारणपणे लागत नाही. तरी केंद्राने दिलेल्या सूचना पाळा.

कोणता पदार्थ वापरणार, हे विचारायला लाजू नका. गॅलियम-६८ चं अर्धआयुष्य ६८ मिनिटं, म्हणजे तो बनवून लगेच वापरावा लागतो. फ्लोरिन-१८ चं ११० मिनिटं, तो दुरून आणता येतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तो शरीराबाहेर कुठून पडतो. गॅलियमचा पदार्थ मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरतो. म्हणजे मूत्राशय स्कॅनवर दिव्यासारखं उजळतं आणि त्याला खेटून, मूत्रनलिकेच्या जोडापाशी (ग्रंथी काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रनलिका जिथे शिवतात तिथे) जर बारीकसा रोग असेल तर तो त्या उजेडात हरवतो. आणि ऑपरेशननंतर रोग परतायची नेहमीची जागा नेमकी तीच. म्हणून काही ठिकाणी लघवी वाढवणारं इंजेक्शन देतात, मूत्राशय रिकामं करवतात आणि ओटीपोटाची चित्रं उशिराने पुन्हा घेतात. पीएसएमए-१००७ हा फ्लोरिनचा एक पदार्थ मुख्यतः यकृतातून बाहेर पडतो, त्यामुळे मूत्राशयाचा त्रास कमी. पण त्याच्यात हाडांवर निरुपद्रवी ठिपके जास्त दिसतात. दोन्हीकडे काही ना काही सोसावं लागतं. कोणता वापरला हे माहीत असलं की रिपोर्ट वाचताना कुठे शंका घ्यायची ते कळतं.

आता अपेक्षेचा हिशेब. 'जामा ऑन्कॉलॉजी'त २०१९ साली ६३५ पुरुषांचा एक अभ्यास छापून आला. गॅलियम पीएसएमए पेटमध्ये रोगाची जागा सापडण्याचं प्रमाण त्यात पीएसएप्रमाणे असं होतं: ०.५ च्या खाली ३८ टक्के, ०.५ ते १ मध्ये ५७ टक्के, १ ते २ मध्ये ८४ टक्के, २ ते ५ मध्ये ८६ टक्के, आणि ५ किंवा वर ९७ टक्के. हे आकडे बघून माझा मुलगा म्हणाला, मग पीएसए १ च्या वर जाऊ दे ना, स्कॅन नीट येईल. प्रश्न रास्त होता. मी तोच डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांचं उत्तर असं: स्कॅन चांगला यावा म्हणून रोग वाढू द्यायचा, हा उलटा व्यवहार आहे. ०.५ च्या खाली रेडिएशनचा जो फायदा मिळतो, तो स्कॅनच्या स्पष्टतेपायी घालवू नये.

याचाच दुसरा भाग म्हणजे कोरा स्कॅन. पीएसए ०.३ आहे आणि स्कॅनवर काही दिसत नाही, याचा अर्थ रोग नाही असा नव्हे. तो स्कॅनला दिसेल एवढा अजून झालेला नाही, इतकंच. उलट बाहेर कुठे काही न दिसणं हे ग्रंथीच्या जागेवर रेडिएशन द्यायला अनुकूल आहे. स्कॅन कोरा आला म्हणून कुणी रेडिएशन पुढे ढकलायला सांगत असेल, तर कारण विचारा. अमेरिकेच्या युरॉलॉजी आणि रेडिएशनच्या संघटनांनी २०२४ मध्ये मिळून काढलेल्या सूत्रांतही पेट कोरा असला तरी रेडिएशन रोखू नये असंच म्हटलं आहे.

मग हा स्कॅन माझ्या चाळणीतून उतरतो का? उतरतो, कारण काही दिसलं तर बेत खरोखर बदलतो. ग्रंथीच्या जागेतच ठिपका असेल तर तिथे मात्रा वाढवण्याचा विचार होतो. ओटीपोटातल्या नोडमध्ये असेल तर रेडिएशनचं क्षेत्र वर सरकतं आणि हार्मोनची बाजू जड होते. दूर कुठे एक-दोन हाडांत असेल तर त्या ठिपक्यांवर नेमका मारा करायचा की नाही ही वेगळी चर्चा. आणि ठिकठिकाणी असेल तर मुख्य भिस्त औषधांवर. एम्पायर-१ या चाचणीत १६५ पुरुषांच्या दोन गटांची तुलना केली होती. एका गटाचं रेडिएशन नेहमीच्या स्कॅनवरून आखलं, दुसऱ्याचं फ्लुसिक्लोविन नावाच्या वेगळ्या पदार्थाच्या पेटवरून. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. तीन वर्षांनी रोग पुन्हा न उठलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ६३ टक्के, दुसऱ्यात ७५.५ टक्के. पदार्थ पीएसएमए नसला तरी पेट बघून आखणी केल्याने फरक पडतो, एवढं त्यातून दिसतं.

क्रमातली एक गोष्ट चुकवू नका. हार्मोनचं इंजेक्शन किंवा गोळी सुरू करण्याआधी पेट व्हायला हवा. हार्मोनच्या औषधाने पीएसए खाली जातो, पेशींवरच्या पीएसएमएचं प्रमाण बदलतं, आणि मग स्कॅनवर जे दिसतं किंवा दिसत नाही त्याचा अर्थ लावणं कठीण होतं. 'इंजेक्शन आज घेऊन टाका, स्कॅनची तारीख मिळेल तेव्हा मिळेल' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवून विचारा.

रिपोर्ट हातात आला की घरी बसून वाचू नका, हा माझा सल्ला मी स्वतःही पाळला नाही. डाव्या सहाव्या बरगडीत सौम्य साठा, संशयास्पद, अशा अर्थाची एक ओळ त्यात होती. मुलाने रात्रभर मोबाइलवर शोधाशोध केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या वर्षी कुठे पडला होतात का?" पडलो होतो, शिडीवरून, डाव्याच अंगावर. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि त्याच स्कॅनमधलं सीटीचं चित्र मोठं केलं. बरगडीच्या कडेवर जुळून आलेल्या हाडाचा छोटा उंचवटा दिसत होता. एकट्या बरगडीतला फिका ठिपका पुष्कळदा असाच निघतो. पोटातल्या महारोहिणीजवळचे मज्जातंतूंचे पुंजकेही पीएसएमए घेतात आणि नोडसारखे दिसतात. मूत्रवाहिनीत अडकलेला थेंबही नोडचं सोंग घेतो. लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी, मूत्रपिंडं, लहान आतड्याची सुरुवात हे सगळं तर निरोगी माणसातही उजळतं. म्हणून विचारायचं ते हे: हा ठिपका सीटीवर कसा दिसतो? आधीच्या कुठल्या स्कॅनवर होता का? आणि यावरून उपचार बदलायचा असेल तर बायोप्सी किंवा एमआरआयने आधी खात्री करणार का? एका शंकास्पद ठिपक्यावरून माणसाला 'पसरलेला' म्हणून टाकणं आणि बरं करू शकणारं रेडिएशन नाकारणं, ही मला या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक वाटते.

उलटही होतं. थोड्या जणांच्या कॅन्सरवर पीएसएमए पुरेसं नसतंच, त्यामुळे पीएसए बराच वर असूनही स्कॅन कोरा येतो. असं झालं तर दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनबद्दल विचारावं.

स्कॅन झाल्यावर पाणी भरपूर प्या, वारंवार लघवीला जा, आणि काही तास लहान बाळांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहा. शरीरात राहिलेला पदार्थ त्याच दिवसात ओसरतो.

एमआरआय, आणि दोन जुने स्कॅन

मूत्राशयाच्या उजेडात जे हरवतं ते ओटीपोटाच्या एमआरआयवर दिसू शकतं. जोडाजवळची गाठ कॉन्ट्रास्ट दिल्याबरोबर चटकन उजळते, ती व्रणाच्या ऊतीपेक्षा वेगळी ओळखू येते. रेडिएशनची आखणी करणाऱ्याला त्या जागेच्या कडा बघायलाही हे चित्र उपयोगी पडतं. फक्त एमआरआय मल्टिपॅरामेट्रिक (एकाच वेळी अनेक प्रकारची चित्रं घेणारा) असावा आणि कॉन्ट्रास्टसह असावा. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, लागतं. पेसमेकर, शरीरातला धातू, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, हे सगळं आधीच सांगा. ऑपरेशनमधल्या धातूच्या क्लिपांमुळे चित्रात काळे डाग पडतात, ते रेडिओलॉजिस्टला माहीत असावेत म्हणून ऑपरेशनची नोट सोबत न्या.

बोन स्कॅन आणि साधा सीटी पिढ्यान्‌पिढ्या आधी करायची सवय आहे. पीएसए १ च्याही खाली असताना त्यांत काही सापडण्याची शक्यता फार कमी. पीएसएमए पेट मिळत असेल तर हे दोन्ही कशासाठी, असं नम्रपणे विचारा. पेट मिळतच नसेल, किंवा पीएसए बराच वर असेल, किंवा हाड दुखत असेल, तर गोष्ट वेगळी.

शरीर तयार आहे का

इथे लोक घाई करतात, कारण सगळं लक्ष कॅन्सरवर असतं. पण रेडिएशन मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मधोमध पडणार आहे.

लघवीवरचा ताबा कुठवर परत आला आहे ते लिहून काढा. दिवसाला किती पॅड लागतात, खोकल्यावर गळते का, रात्री किती वेळा उठता. सुधारणा चालू असेल तर ती स्थिरावेपर्यंत थांबायचं, की पीएसएचा वेग बघता थांबता येणार नाही, हे डॉक्टर या नोंदीवरून ठरवतात. धार बारीक झाली असेल तर युरॉलॉजिस्टकडून लघवीचा वेग मोजून घ्या आणि मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीवर बघून घ्या. जोड आकसला असेल तर तो रेडिएशनच्या आधी मोकळा केलेला बरा, नंतर ऊती लवकर भरून येत नाहीत. लघवीत संसर्ग नाही ना, हेही तपासा.

शौचातून रक्त जात असेल, किंवा वयानुसार कोलोनोस्कोपी करायची राहिली असेल, तर ती आत्ता करा. रेडिएशननंतर गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढणं धोक्याचं असतं, जखम न भरता आरपार भोक पडू शकतं. हे पुढे कोलोनोस्कोपी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगायचं असतं, तेव्हा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आतड्याचा जुनाट दाह, पूर्वी ओटीपोटाला दिलेलं रेडिएशन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कृत्रिम खुबा यांपैकी काहीही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. लैंगिक क्षमतेबद्दलही खरं ते सांगा. आज काय आहे याची नोंद नसेल तर नंतर कशामुळे काय बिघडलं हे कुणालाच कळत नाही.

हार्मोन द्यायचं ठरलं तर त्याची तपासणी वेगळी. सकाळचा टेस्टोस्टेरॉन, साखर आणि एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी, ईसीजी, आणि हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन. हार्मोनच्या औषधाने हाडं विरळ होतात, साखर आणि वजन वाढतं, हृदयावर ताण येऊ शकतो. किती काळ द्यायचं याची मतं वेगवेगळी आहेत. फ्रान्सच्या गेटुग-१६ चाचणीत सहा महिने दिलं होतं, अमेरिकेच्या आरटीओजी ९६०१ मध्ये दोन वर्षं बायकॅलुटामाइडच्या गोळ्या. पीएसए जितका जास्त, तितका या औषधाचा फायदा ठळक. तुमचा ०.२ असताना दोन वर्षं सुचवली तर का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आखणीचा सीटी

याला सिम्युलेशन म्हणतात. रोग शोधणं हा याचा हेतू नसतो, तुम्ही रोज टेबलावर कसे झोपणार ते ठरवायचं असतं. मूत्राशय बऱ्यापैकी भरलेलं आणि गुदाशय रिकामं, हे दोन नियम. भरलेलं मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलतं, आणि मूत्राशयाचा बराच भाग किरणांच्या बाहेर राहतो. गुदाशयात मळ किंवा गॅस असेल तर ग्रंथीची रिकामी जागा पुढे सरकते आणि आखलेलं क्षेत्र चुकतं.

माझा पहिला स्कॅन झाल्यावर तंत्रज्ञ मुलगी आत आली आणि म्हणाली, "काका, गॅस आहे, जरा उठून फेऱ्या मारून या." मी विचारलं तेव्हा तिने पडद्यावर दाखवलं. मागच्या बाजूला काळा गोल फुगा आणि त्याने समोरची भिंत कमानीसारखी पुढे रेटलेली. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या, शौचाला जाऊन आलो, पाणी पुन्हा प्यायलो, दुसरा स्कॅन झाला. या वेळी काळा फुगा नव्हता आणि भिंत सपाट होती. तो दुसरा स्कॅन आखणीला घेतला. तेव्हा तंत्रज्ञाने परत उठवलं तर कुरकुर करू नका, उलट आभार माना. त्या आधीचे काही दिवस पोट साफ राहील असं बघा. रेचक लागेल का ते विभागालाच विचारा.

पाणी किती आणि किती वेळ आधी प्यायचं, ते विभाग सांगतो. तेवढंच प्या. हौसेने जास्त प्यायलात तर त्या दिवशी मूत्राशय टम्म फुगतं, पण पुढे रोज तितकं धरून ठेवता येत नाही. आणि ऑपरेशननंतर ज्यांचा ताबा कमी आहे त्यांनी हे आधीच बोलून घ्यावं, त्यांच्यासाठी प्रमाण कमी करतात. त्वचेवर बारीक ठिपके गोंदतात, ते कायमचे असतात.

या भेटीला पेट आणि एमआरआयच्या सीडी घेऊन जा. नुसता रिपोर्ट चालत नाही. आखणी करणाऱ्याला मूळ चित्रं आपल्या सीटीवर बसवून बघायची असतात, आणि सीडी उघडतच नाही हे आखणीच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कुठल्या तरी संगणकावर लावून बघितलेलं बरं. पेट कोणत्या तारखेचा आहे आणि त्यानंतर पीएसए किती झाला, हे वर चिकटवा. मध्ये बराच काळ गेला असेल आणि पीएसए दुप्पट झाला असेल, तर तो स्कॅन अजून चालेल का हे विचारा.

शेवटचं रक्त. हार्मोन घेणार असाल तर पहिल्या इंजेक्शनच्या आधी, घेणार नसाल तर रेडिएशन सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन एकाच नमुन्यात, त्याच जुन्या प्रयोगशाळेत. नंतर पीएसए खाली आला की रेडिएशनने आला की हार्मोनने, हा प्रश्न येतोच. हार्मोनचा अंमल उतरून टेस्टोस्टेरॉन परत वर आल्यावर पीएसए कुठे आहे, त्यावरून त्याचं उत्तर मिळतं, आणि ते शोधायला आधीचे हे दोन आकडे लागतात.